हिवाळ्याच्या सुट्टीनंतरची घरसफाई : तीन आठवड्यांच्या नोंदी

घर दोन खोल्यांचं, शिवाय हॉल आणि स्वयंपाकघर. एरवी आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सुट्टीत बारा दिवस आणखी नऊ माणसं होती. शेवटची मंडळी १ जानेवारीला संध्याकाळी निघाली. मागच्या वर्षी हेच काम महिनाभर रेंगाळलं आणि वेळ नेमका कुठे गेला ते शेवटी आठवेना, म्हणून यंदा रोज लिहून ठेवलं. तास माझे धरले आहेत. घरच्यांची मदत वेगळी.

२ जानेवारी, शुक्रवार. ५ तास, त्यातले ४ वाया

रजा होती. सगळ्यात जास्त डोळ्यांत खुपत होती ती हॉलची फरशी, म्हणून तिथूनच सुरुवात केली. केर काढला, दोनदा पाणी बदलून फरशी पुसली. मग आतल्या खोलीतल्या जादा गाद्या बाहेर आणायच्या होत्या, त्या ओल्या फरशीवरूनच ओढत आणल्या. दुपारी सजावट भरायला माळ्यावरची खोकी काढली, तर त्यांच्यावरची वर्षभराची धूळ खाली आली. संध्याकाळी फरशी सकाळी होती तशीच.

पसारा आवरणं आणि घाण काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, मी ती एकदम करत होते. वस्तू हलत असताना पुसलेलं काही टिकत नाही. रात्री क्रम लिहून कागद फ्रीजच्या दारावर लावला: आधी वस्तू, मग कपडे आणि अंथरुणं, मग वरून खाली धूळ, पाण्याचं काम सगळ्यात शेवटी.

उपयोगी पडला तो एकच तास, फ्रीजचा. जे कधीचं आहे हे कुणालाच सांगता येईना ते टाकलं. भाजीच्या कप्प्याखाली आठवडाभर पाणी साचत होतं आणि आम्ही रोज फडक्याने टिपत होतो. आतल्या मागच्या भिंतीत तळाशी पाणी वाहून जायला एक बारीक छिद्र असतं, ते पानांच्या तुकड्यांनी बुजलं होतं. मऊ नळीने ते मोकळं केलं, वरून पिचकारीने कोमट पाणी सोडलं, दहा मिनिटांत काम झालं. दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं केलं. त्याच्या घड्यांत काळपट बुरशी होती.

३ जानेवारी, शनिवार. साडेसहा तास

आज फडक्याला हात लावला नाही, फक्त वस्तू. पाच खोकी मांडली: जागेवर न्यायचं, धुवायचं, दुरुस्त करायचं, टाकायचं आणि परत द्यायचं. परत द्यायच्या खोक्यात शेजाऱ्यांची भांडी आणि पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तू: तीन चार्जर, लहान मुलाचा एकच बूट, दोन मफलर, औषधांची डबी, एक वाचायचा चष्मा. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. औषधांची डबी त्याच दिवशी रवाना केली, बाकीचं थांबू शकतं.

सकाळी मी सहावं खोकंही ठेवलं होतं, "बघू" असं लिहून. दोन तासांत सगळ्यात जास्त तेच भरलं. सासूबाई खुर्चीवर बसून एकेक वस्तू हातात घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, यातलं काही आज ठरत नसेल तर उद्याही ठरणार नाही." खोकं जमिनीवर उपडं केलं आणि प्रत्येक वस्तू उरलेल्या पाचांपैकी कशात तरी टाकली. एक तास त्यात गेला. तो वाया गेला असं मी धरत नाही, पण खोकं ठेवलंच नसतं तर तो लागला नसता.

दुसरी गोष्ट मुलीच्या लक्षात आली. खोलीखोलीतून फिरत वस्तू उचलल्या की मधेच दुसरं काम दिसतं आणि माणूस तिथेच अडकतं. तिने एक टोपली घेतली, दाराशी उभी राहिली, डाव्या हाताच्या भिंतीपासून सुरुवात करून पुन्हा दाराशी येईपर्यंत त्या खोलीतून बाहेर पडली नाही. मी तिचीच पद्धत उचलली. उरलेल्या दोन्ही खोल्या मिळून दीड तासात झाल्या.

४ जानेवारी, रविवार. ५ तास

सजावट उतरवली. भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीचे चाळीसेक तुकडे होते. पहिले तीन सरळ ओढले आणि तिन्ही ठिकाणी अंगठ्याएवढा रंगाचा पोपडा निघाला. मग केस वाळवायच्या यंत्राने प्रत्येक पट्टी अर्धा मिनिट गरम केली आणि आपल्याकडे न ओढता भिंतीला समांतर, हळूहळू सोलत नेली. उरलेल्यांपैकी दोनच ठिकाणी रंग गेला. मागे राहिलेला चिकटा खिडकीच्या काचेवरून खायच्या तेलाने सहज निघाला. तेच तेल भिंतीवर लावून पाहिलं ते चुकलं, रंगात मुरून पिवळट डाग पडला. भिंतीसाठी कोमट साबणपाणी आणि बोटाने हलकं चोळणं, एवढंच.

बॅटरीवर चालणाऱ्या दोन माळा बंद होत्या. झाकण उघडलं तर सेल फुटून स्प्रिंगवर पांढरा थर जमला होता. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडीला भाजतं, त्यामुळे हातमोजे घातले. कापूस गुंडाळलेल्या काडीने थेंब थेंब व्हिनेगर लावलं, फेस थांबल्यावर ओल्या काडीने पुसलं आणि पूर्ण कोरडं होऊ दिलं. एक माळ लागली. दुसरीची पत्री खाऊन गेली होती, ती टाकली. या माळा गेल्या वर्षी सेल न काढता ठेवल्या होत्या, एवढंच कारण.

बाकीच्या माळा एकेक करून लावून पाहिल्या, चालू असलेल्याच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळल्या, प्लगचं टोक बाहेर ठेवून. बंद माळ पुन्हा माळ्यावर ठेवली की पुढच्या वर्षी तासभर तीच सोडवत बसावं लागतं.

५ ते ७ जानेवारी. तिन्ही संध्याकाळ मिळून ४ तास

कपडे. अकरा चादरी, सोळा अभ्रे, सहा ब्लँकेटं, टॉवेलांचा ढीग. चादरी आणि अभ्रे ६० अंशांवर धुतले. धुळीतले बारीक किडे त्या तापमानाला मरतात, थंड पाण्यात पुष्कळसे तग धरतात, आणि मुलीला सकाळी शिंका येत होत्या.

तिसऱ्या खेपेत मोठी चूक झाली. एका चादरीच्या गुंडाळीत राखाडी लोकरी स्वेटर अडकला होता. चादर न झटकता मी तशीच मशीनमध्ये कोंबली. बाहेर आला तेव्हा स्वेटर मुलीलाही झाला नसता. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं गेलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. केसांच्या कंडिशनरच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने ताणून पाहिला. बाही दोन सेंटिमीटर वाढली, तेवढंच. हा स्वेटर सासूबाईंनी नवऱ्याच्या पहिल्या नोकरीच्या वर्षी विणला होता. त्यांनी तो मांडीवर पसरला, बोटांनी चाचपला आणि "याचा नमदा झाला" एवढंच म्हणाल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतरचा नियम: मशीनजवळ नेण्याआधी प्रत्येक चादर दोघांनी दोन टोकं धरून झटकायची. पुढच्या खेपांत तीन मोजे, एक पेन आणि एक सेफ्टी पिन निघाली. पेन आत गेलं असतं तर अख्खी खेप गेली असती.

बाहेर धुकं होतं, म्हणून सगळं आतल्या खोलीत दोऱ्या बांधून वाळत घातलं. खिडक्या बंद. याचा परिणाम १० तारखेच्या नोंदीत आहे.

८ जानेवारी, गुरुवार. दीड तास

गादीवर दुधाचा डाग होता, आठवड्याचा जुना. घाईत गरम पाणी ओतून ब्रशने घासला. डाग पसरला आणि आणखी पक्का झाला. दूध, अंडं, रक्त यांत प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात. अशा डागाला गार पाणीच लागतं. मग एन्झाइमवाली धुण्याची पावडर गार पाण्यात कालवून फडक्याने थापली, वीस मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपली. डाग फिका झाला, गेला नाही.

त्याहून वाईट म्हणजे पाणी फार झालं. फोमच्या गादीत मुरलेलं पाणी वरून दिसत नाही. वरचं कापड तासाभरात कोरडं झालं, पण हात दाबून ठेवला की ओल जाणवत होती. गादी भिंतीला आडवी टेकवून मागे पंखा लावला. पूर्ण वाळायला चार दिवस लागले आणि ते चारही दिवस मुलगी आमच्या खोलीत झोपली. इथे फडकं घट्ट पिळून वापरायला हवं होतं.

१० जानेवारी, शनिवार. ६ तास

धूळ काढायची म्हणून आतल्या खोलीतलं मोठं कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर, खालच्या कोपऱ्यात, दोन फूट रुंद काळी बुरशी. कपाटाच्या पाठीलाही ठिपके. ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून दिवस यातच गेला.

पहिली धडपड चुकीची होती: नवरा पातं घेऊन कोरडंच खरवडायला लागला. काळी भुकटी उडायला लागल्यावर थांबवलं. कोरडी खरवडली की तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. मास्क लावला, खिडकी उघडली, खोलीचं दार बंद केलं, मुलीला आणि सासूबाईंना हॉलमध्ये बसवलं. मग भिंतीवर साबणाचं पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसलं. प्रत्येक फडकं एकदाच वापरून पिशवीत बांधलं, जुन्या बनियनचे चौदा तुकडे लागले. कपाटाची पाठ तशीच पुसली आणि वाळू दिली. ठिपक्यांचे पुसट डाग राहिले आहेत, त्यांच्या मागे आता लागत नाही.

खरा प्रश्न ओल कुठून येते हा होता. भिंतीतून पाझरत असेल तर पुसून उपयोग नाही, गवंडी बोलवावा लागेल. खोलीतल्या दमट हवेची असेल तर उपाय आपल्या हातात. हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. भिंत पूर्ण कोरडी झाल्यावर तळहाताएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांनी घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. पाणी फॉइलच्या मागच्या बाजूला आलं तर भिंतीतली ओल, पुढच्या बाजूला आलं तर हवेतली. संध्याकाळपर्यंत पंख्याने भिंत वाळवून फॉइल लावला.

दमटपणा मोजायचं छोटं यंत्र शेजारून मागून आणलं. खोलीत ७८ टक्के. ६० च्या खाली हवा.

रात्री एक गोष्ट करून पाहिली. शेवटची खेप, ओले टॉवेल, सामान तोलायच्या काट्याला पिशवीत अडकवून तोलले: ७.१ किलो.

११ जानेवारी, रविवार. ७ तास

टॉवेल वाळले, ५ किलो भरले. म्हणजे एकाच खेपेचं दोन लिटरहून जास्त पाणी बंद खोलीच्या हवेत गेलं, आणि अशा आठ खेपा त्या खोलीत वाळवल्या होत्या. त्याआधी बारा दिवस तिथे सहाजण झोपत होते, थंडीमुळे खिडकी लावून. श्वासातूनही पाणी बाहेर पडतंच. ते सगळं घरातल्या सगळ्यात गार जागी, कपाटामागच्या बाहेरच्या भिंतीवर जमलं, आणि कपाट भिंतीला चिकटून असल्याने तिथे वारा फिरत नव्हता. काट्यावरचा आकडा पाहिल्यावर भिंतीवर रागावण्यात अर्थ उरला नाही.

मग स्वयंपाकघर. चिमणीच्या जाळ्या तेलकट थराने बुजल्या होत्या. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवल्या. तेल सुटलं, पण दोन्ही जाळ्या काळवंडल्या. त्या ॲल्युमिनियमच्या आहेत आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो. चालतात, दिसायला खराब झाल्या. भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी आणि अर्धा तास धीर एवढ्याने भागलं असतं. स्टीलच्या जाळ्यांना सोडा चालतो.

सिंक तुंबलं होतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतून पाहिलं. फेस भरपूर, पाणी जागच्या जागी. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी, त्याने बोळा कसा हलणार? खाली बादली ठेवून सिंकखालची वाटी हाताने फिरवून काढली. तेल आणि खरकटं यांचा मुठीएवढा गोळा निघाला. पंधरा मिनिटं लागली. फेसाच्या नादात पाऊण तास गेला होता.

संध्याकाळी न्हाणीघरात जे झालं ते सगळ्यात महत्त्वाचं. मी फरशीच्या सांध्यांवर ब्लीच टाकून दहा मिनिटं सोडलं होतं. नवऱ्याला ते माहीत नव्हतं. नळावरचे पांढरे क्षार काढायला त्याने आम्लाचं द्रव ओतलं आणि ते वाहत ब्लीचपर्यंत गेलं. ब्लीच आणि आम्ल मिळून क्लोरीन वायू तयार होतो. वास येताच तो बाहेर आला, पण खोकला थांबेना, डोळ्यांतून पाणी. दार ओढून घेतलं, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळे बाहेर जाऊन उभे राहिलो. तासाभराने त्याला बरं वाटलं. श्वास लागत राहिला असता तर थेट दवाखान्यात नेणार होते. अमोनिया असलेल्या द्रवाशीही ब्लीचचा असाच विषारी वायू होतो. आता न्हाणीघरात एका दिवशी एकच द्रव, आणि ज्याने टाकलं त्याने दारावर चिठ्ठी लावायची. ब्लीचची बाटली मी वेगळ्या कपाटात हलवली.

१२ जानेवारी, सोमवार. अर्धा तास

फॉइल काढला. मागची बाजू कोरडी ठणठणीत, पुढच्या बाजूवर बारीक थेंब. ओल हवेतली. मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं.

केलं ते असं: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली पाय लावून उचललेलं. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. कपडे बाल्कनीत, धुकं असेल तर न्हाणीघरात दार लावून, पंखा चालू ठेवून.

१७ जानेवारी, शनिवार. ५ तास

आता धूळ, कागदावरच्या क्रमाने. आधी जळमटं, मग पंखे. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून पुसत बाहेर ओढला की धूळ आतच राहते, खाली पलंगावर पडत नाही. मग कपाटांचे माथे, दारांच्या चौकटी, शेवटी फरशी. २ तारखेला चार तास घेतलेली हॉलची फरशी आज पस्तीस मिनिटांत झाली आणि रात्रीपर्यंत स्वच्छ राहिली.

गालिच्यावर मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. बर्फाची पिशवी ठेवून कडक केलं आणि बोथट सुरीने उचललं. उरलेलं कागद ठेवून मंद इस्त्रीने शोषून घ्यायचं होतं, हाताशी होतं म्हणून वर्तमानपत्र घेतलं. मेण निघालं, पण छपाईची शाई गालिच्यावर उतरली, अक्षरं वाचता येतील इतकी. दुसऱ्या भागाला कोरा टिश्यू वापरला, तो साफ निघाला. शाईचा डाग तीनदा धुवूनही राखाडी राहिला आहे. गालिचा फिरवून ती बाजू सोफ्याखाली घेतली.

जादा ब्लँकेटं आज भरली. धुतलेली होती, तरी आणखी एक दिवस उन्हात टाकली. कसरीच्या अळ्या घामाचे आणि खाण्याचे डाग असलेली लोकर आधी धरतात, म्हणून मळकं ब्लँकेट माळ्यावर जाता कामा नये. आणि किंचित दमट भरलं तर बुरशी.

२४ जानेवारी, शनिवार. १ तास

दोन आठवड्यांनी कपाटामागे टॉर्च मारून पाहिलं. नवीन ठिपका एकही नाही. खोलीतला दमटपणा सकाळी ५६, खिडक्या उघडल्यावर ५१. रंगाचे पाच पोपडे अजून तसेच आहेत; लांबी भरून रंग लावायला भिंत पूर्ण वाळायला हवी, ते काम मार्चवर टाकलं.

परत द्यायच्या खोक्यात फक्त चष्मा उरला होता. आज सकाळी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला: तीन आठवडे त्या वर्तमानपत्र वाचत नव्हत्या आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. फोटो आला होता, पण चष्म्याशिवाय तो त्यांना नीट दिसला नाही. मुलीने खोबणीत कापूस भरून डबी बांधली आहे, दुपारी पाठवतो.